पंधरा नंबरनंतरची पाच मिनिटं

माझ्या टेबलावरच्या वहीत एकदा मी लिहून ठेवलं होतं: ‘तीन मुलं मेली. पालकाने दखल घेतलेली नाही. पालकालाच मारावं लागेल.’ नेमक्या त्याच दिवशी एका तालुक्याच्या पर्यवेक्षिका बाई आकडे घ्यायला आल्या. मी चहा सांगायला बाहेर गेले, तेवढ्यात त्यांनी वही वाचली. परत येऊन पाहते तर बाईंचा चेहरा उतरलेला.

“मॅडम, कोन्त्या गावची केस हाय हे? आमच्याकडं तर रिपोर्टच नाई आला.”

आमचं ऑफिस आरोग्याचं. चंद्रपूर-गडचिरोलीकडे बालमृत्यूची नोंद ही काही थट्टेची गोष्ट नाही. मग मी बाईंना बसवलं आणि माझा धंदा समजावून सांगितला. तोच इथे सांगते.

कॉम्प्युटरवर एखादा प्रोग्राम चालू झाला की त्याला आम्ही प्रोसेस म्हणतो. एक प्रोसेस दुसरीला जन्म देऊ शकते. जन्म देणारी ती पालक, दुसरी तिचं मूल. मुलाचं काम संपलं की कर्नल, म्हणजे सगळ्यांवर देखरेख ठेवणारी मुख्य व्यवस्था, पालकाला निरोप धाडते : तुझं मूल संपलं, कसं संपलं ते येऊन विचारून जा. पालकाने विचारलंच नाही, तर त्या मुलाचं नाव यादीत तसंच पडून राहतं. आत काही नसतं, नुसती ओळ. अशा वेळी त्या बेपर्वा पालकाला काढून टाकावं लागतं. मग त्याची मुलं यंत्रातल्या सगळ्यात पहिल्या प्रोसेसकडे जातात आणि ती त्यांची विचारपूस करून ओळी मिटवते.

बाईंनी चहा संपवला आणि म्हणाल्या, “म्हंजे बिनमायबापाच्या लेकराईले तिथी बी कोनी पाह्यते म्हना.”

मी हे काम करत करत निवृत्त झाले. वडील कोळशाच्या खाणीत होते, आंबेडकर जयंतीला आमच्या मोहल्ल्यात शिकलेल्या मुलींचा सत्कार व्हायचा, आणि त्यातल्या एका वर्षी मी कॉम्प्युटर शिकले म्हणून माझाही झाला. नोकरीभर माझं पद बदलत गेलं, पण काम एकच : मशीन चालू ठेवायची आणि तिच्यातल्या प्रोसेस एकमेकींशी नीट वागतात की नाही ते पाहायचं.

या प्रोसेस एकमेकींच्या खोलीत जाऊ शकत नाहीत. एकीने दुसरीच्या सामानाला हात लावायचा नाही, असा कडक नियम आहे. तातडीने काही कळवायचं तर कर्नलच्या हाती सिग्नल द्यायचा. सिग्नल म्हणजे नुसता एक आकडा. का, कशासाठी, काही नाही. एक म्हणजे तुझी लाइन तुटली. पंधरा म्हणजे आवर आता, नीघ. पंधरा आल्यावर काय करायचं हे प्रोसेसने आधी ठरवून ठेवलेलं असू शकतं: हातातलं लिहून ठेवते, फायली बंद करते, मग जाते. नऊचं तसं नाही. नऊ प्रोसेसपर्यंत पोचतच नाही. कर्नल तिला जागच्या जागी संपवते. तिच्या हातात जे असेल ते तिच्याबरोबर गेलं.

सुरुवातीच्या काळात पोंभुर्ण्याला बेबीताई म्हणून ऑपरेटर होती. टेलिफोनच्या लाइनवरून ती आमच्या मशीनवर महिन्याचा अहवाल चालवायची. दोन तासांचं काम, आणि मध्येच मरायचं. ती फोन करायची, मी म्हणायचे, तुम्ही काहीतरी दाबत असाल. “मॅडम, मी तं हात मांडीवर घेऊन बसतो,” ती म्हणायची. आठ महिने मी तिचं ऐकलं नाही. शेवटी एकदा एसटीने गेले आणि तिच्या शेजारी बसले. खरंच, बाईचे हात मांडीवर. बाहेर वारा सुटला, लाइन खरखरली, तुटली आणि अहवाल गेला. एक नंबरचा सिग्नल. लाइन तुटली की तिच्यावरची सगळी कामं मरतात, पण तसं होऊ द्यायचं नसेल तर आज्ञेच्या आधी एक शब्द जास्तीचा लिहायचा, इतकंच. मला तो शब्द माहीत होता. तिला मी सांगितला नव्हता. मी माफी मागितली तर म्हणाली, “जाऊ द्या न मॅडम. तुमाले बी तिथून कुठी दिसत होतं.”

हे सगळं ज्या गोष्टीसाठी सांगितलं ती आता सांगते.

आमच्याकडे सिकलसेलचं प्रमाण बरंच आहे. रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, अंग ठणकतं, लेकरं खंगतात. आईबाप दोघंही नुसते वाहक असले, त्यांना स्वतःला काही त्रास नसला, तरी दर खेपेला चारातला एक धोका असतो की मूल आजारी निघेल. म्हणून लग्नाआधी तपासा, असं आम्ही गावोगाव सांगत फिरतो. प्रयोगशाळेत त्यासाठी एक मशीन आली होती. रक्ताची एकेक नळी ती तपासायची, नळीला सहा-सात मिनिटं लागायची, आणि निकाल तारेवाटे थेट माझ्या कॉम्प्युटरवर यायचा. तिथे एक प्रोसेस तो गोळा करायची. मशीनचा स्वतःचा प्रिंटर बिघडला होता, पण कॉम्प्युटरवर येतंच आहे, म्हणून कोणी त्याच्या मागे लागलं नव्हतं. मीही नाही.

मार्चचे दिवस होते. प्रयोगशाळेतले टेक्निशियन देवानंदभाऊ जंगलातल्या एका गावाहून त्रेचाळीस नळ्या घेऊन आले. सकाळी मशीन लावली. दुपारी निरोप आला, लाइनच्या दुरुस्तीसाठी वीज जाणार. थोड्या वेळाने गेलीही, आणि मशीन व कॉम्प्युटर दोन्ही ज्या बॅटरीवर गेले ती पी-पी करू लागली. देवानंदभाऊ कामासाठी बाहेर गेले होते. बॅटरी किती टिकेल याचा मला भरवसा नव्हता. अचानक बंद पडण्यापेक्षा आपणच नीट बंद करावं, म्हणून मी त्या गोळा करणाऱ्या प्रोसेसला पंधरा नंबर पाठवला.

ती जाईना. मी यादी पाहिली, ती तिथेच. पुन्हा पंधरा. पाच मिनिटं मी घड्याळाकडे पाहत बसले. पी-पी चालूच. मला वाटलं, ही अडकली आहे, ऐकत नाही. मी नऊ पाठवला. ती त्याच क्षणी गेली. मी मशीन बंद केली, कॉम्प्युटर बंद केला आणि नीट बंद केला म्हणून समाधानाने घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवानंदभाऊ दारात उभे. “मॅडम, कालचे रिझल्ट कुठी हायेत? मले तं एक बी दिसून नाई राह्यला.”

फाइल रिकामी होती. एक ओळ नाही. मी नागपूरला, ज्याने तो प्रोग्राम लिहिला होता त्याला फोन केला. बिचारा शांतपणे म्हणाला, “मॅडम, ते ऐकत होतं. पंधरा आला की हातातला ट्रे पूर्ण करायचा, सगळे निकाल एकदम लिहायचे आणि मग बंद व्हायचं, असं मीच लिहून ठेवलंय. किती नळ्या राहिल्या होत्या?”

दोन. दोन नळ्या, म्हणजे तेरा-चौदा मिनिटं. बॅटरी नंतर तपासली, तर ती अजून पाऊण तास पुरली असती. आणि ट्रेमधल्या सगळ्या नळ्या रात्रीच कचऱ्यात गेल्या होत्या.

मी साहेबांकडे गेले. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी डोळे चोळले आणि म्हणाले, “नमुना अपुरा, असं लिहा त्रेचाळीस नावांपुढे. आशाताईला कळवा, पुढच्या शिबिरात परत घेतील.”

मी जागेवर आले आणि लिहायला लागले. हे मी लपवणार नाही. नमुना अपुरा, नमुना अपुरा. अकरा नावं झाली. मागे देवानंदभाऊ उभे होते, मला कळलं नव्हतं.

“म्हंजे रक्त म्या कमी काढलं, असंच ना मॅडम?” ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागला. “अन् तिथल्या आशा, त्या सोनाबाईनं घरोघरी जाऊन लोकं आनले होते. गाव आता तिले काय म्हनन?”

मी त्या अकरा ओळी खोडल्या. साहेबांना जाऊन सांगितलं, कारणात माझी चूक लिहिते आणि गावात मी स्वतः जाते. ते म्हणाले, लेखी खुलासा द्यावा लागेल. दिला. त्याचं पुढे काय झालं ते सांगण्यासारखं नाही, एक पगारवाढ लांबली एवढंच.

दोन दिवसांनी देवानंदभाऊ आणि मी त्या गावी गेलो. अंगणा-अंगणात मोहफुलं वाळत घातलेली, वासाने डोकं जड होत होतं. सोनाबाई गावची आशा, गोंड, साठीकडे झुकलेली. तिने माझं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. “बाई, तुमी मंगलाचं काऊन हारवलं? बाकीच्याईचं मी कशीतरी निभावतो. पन मंगलाचं लगीन हाय गुरुवारी. तिच्या बापाले हो म्हनवाले मले महिना लागला.”

गोटुलासमोर, म्हणजे गाव जिथे एकत्र बसतं तिथे, माणसं जमली. मी उभी राहिले. तोपर्यंत मला वाटत होतं, मशीनमध्ये बिघाड झाला म्हणावं, यांना काय समजणार. पण सोनाबाई माझ्याकडे पाहत होती. मी म्हटलं, “तुम्ही रक्त दिलं, ते बरोबर होतं. देवानंदभाऊंनी बरोबर काढलं. मशीनने बरोबर तपासलं. निकाल लिहून व्हायच्या आधी मी घाई केली आणि ते बंद केलं. चूक माझी आहे. परत रक्त द्या, असं म्हणायला आले.”

सोनाबाईने ते गोंडीत सांगितलं. ‘नेत्तूर’ हा रक्तासाठीचा शब्द तेवढा मला कळत होता, आणि तो बराच वेळ इकडून तिकडे जात राहिला. मग मंगलाचे वडील, लच्चूभाऊ, उठले. उंच, हाडकुळा माणूस. “एक खेप नेलं. फेकलं. आता दुसऱ्या खेपेले बी फेकान. पत्रिका वाटून झाली. आमाले नाई पायजे तपासनी.”

मी पर्स उघडली आणि माझं स्वतःचं सिकलसेल तपासणीचं कार्ड काढलं. मी वाहक आहे. ही मशीन आली तेव्हा चाचणीसाठी पहिली नळी माझीच घेतली होती, तेव्हा कळलं. माझं लग्न त्याच्या कितीतरी आधीचं, आमच्या वेळी कोणी तपासत नव्हतं. नशिबाने नवरा वाहक नव्हता. मी एवढंच सांगितलं, “भाऊ, मला आधी कळायला हवं होतं. नशिबावर गेलं माझं.”

गर्दीतून एक मुलगी पुढे आली, एकवीस-बावीसची, हातावर मोहाचा डाग. तिने देवानंदभाऊंसमोर बाही वर केली. “माह्यं काढा भाऊ. लगीन माह्यं हाय.”

तीच मंगला. तिच्यामागे रांग लागली. एक म्हातारा टोचून घेताना म्हणाला, “मशीनले भूक लागली होती वाट्टे,” आणि पहिल्यांदा लोक हसले. संध्याकाळपर्यंत बेचाळीस नळ्या झाल्या.

त्रेचाळिसावी होती मंगलाच्या होणाऱ्या नवऱ्याची, रामदासची. पहिल्या खेपेला रक्त देऊन तो तेलंगणात मिरची तोडायला गेला होता.

मंगलाचा निकाल आला. वाहक. आता सगळं रामदासवर होतं. त्याच्या आधीच्या रक्ताचा निकाल काही तास माझ्या कॉम्प्युटरमध्ये होता, आणि मी तो घालवला होता. सोनाबाईने फोन लावून लावून त्याच्या मुकादमाला गाठलं. रामदास मंगळवारी सकाळी बल्लारशाला उतरणार, तिथून गावाकडे.

मी स्टेशनवर गेले. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. सोनाबाईने सांगितलं होतं, पिशवीवर मिरचीचा वास येईल. त्या गाडीतून उतरलेल्या निम्म्या लोकांच्या पिशव्यांना मिरचीचा वास होता. मी नाव घेऊन ओरडत फिरले. शेवटी एक सावळा पोरगा थांबला, बोटं तिखटाने सुजलेली. “तुमीच का थ्या रक्त हारवनाऱ्या बाई?” तो म्हणाला. माझी ही ओळख तेलंगणापर्यंत पोचली होती.

मी त्याला तसाच प्रयोगशाळेत आणला आणि देवानंदभाऊंनी त्याचं रक्त काढलं. मशीन लावली. नागपूरच्या प्रोग्राम लिहिणाऱ्या मुलाने मधल्या काळात माझ्या सांगण्यावरून दोन बदल केले होते. एकेका नळीचा निकाल आला की लगेच डिस्कवर लिहायचा. आणि दुसरा : सिग्नलांमध्ये दहा नंबर असा आहे, की त्याला कर्नल स्वतःचा अर्थ देत नाही, प्रोग्राम लिहिणाऱ्याने द्यायचा. आमच्याकडे दहाचा अर्थ ठरला, ‘कुठवर आलं?’ तो पाठवला की प्रोसेस एक ओळ लिहायची आणि काम पुढे चालू ठेवायची. इतकी वर्षं मी प्रोसेसना फक्त जायला सांगत होते. विचारताही येतं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. गरज वाटली नव्हती.

मी दहा पाठवला. ‘नळी एक, चालू.’ रामदास बाकावर बसून बोटांवर फुंकर मारत होता. पुन्हा पाठवला. ‘नळी एक, लिहिली.’

तोही वाहक होता.

डॉक्टरीण बाईंच्या खोलीत दुसऱ्या दिवशी मंगला, रामदास, लच्चूभाऊ आणि सोनाबाई बसले. मी दाराशी उभी होते. मला कोणी बोलावलं नव्हतं, कोणी जा म्हटलंही नाही. डॉक्टरीण बाईंनी चार काड्या टेबलावर ठेवून, आजाराची एक बाजूला सरकवून सगळं समजावलं. लच्चूभाऊ उठून उभे राहिले. “मंग नाई होत हे लगीन. मी सांगतो त्याच्या घरी.”

रामदास मान खाली घालून म्हणाला, “मले पयलेच समजलं असतं तं मी इचारलंच नसतं तुले.”

मंगला त्याच्याकडे न बघता काड्यांकडे बघत होती. “अन् ह्या बाकीच्या तीन?” तिने विचारलं.

“त्या मुलांना आजार नसेल,” डॉक्टरीण बाई म्हणाल्या. “पण कोणती काडी येईल ते आधी सांगता येत नाही. दिवस गेल्यावर लवकर तपासता येतं, नागपूरला. तेव्हा काय करायचं ते तुम्ही दोघांनी ठरवायचं. सोपं नसतं ते.”

“सोपं नाई, थे समजलं,” मंगला म्हणाली. “बाबा, मले मालूम नसतं तं मी गुरुवारी अशीच गेली असती. आता मालूम हाय. मले थोडे दिवस द्या.”

गुरुवारचं लग्न झालं नाही. वाटलेल्या पत्रिका, घातलेला मांडव, दोन्ही घरांत बोलणी. सोनाबाई फोनवर सांगायची आणि मी ऐकायची. वैशाख सरता सरता तिचाच फोन आला : लगीन लागलं. मंगलाने ठरवलं होतं, आणि रामदासने तिच्यासमोर नागपूरला जायची शपथ घेतली होती. मला बोलावणं नव्हतं. असावं, असं मला वाटतही नव्हतं.

पुढच्या वर्षी ती दोघं खरंच नागपूरला गेली. तपासणीत पोटातल्या बाळाला आजार नाही असं निघालं. पण पोर वर्षाचं झालं की त्याचं रक्त इथे एकदा पाहून घ्या, असं सांगितलेलं होतं. म्हणून माझ्या निवृत्तीला थोडे महिने उरलेले असताना एका दुपारी मंगला पोरीला कडेवर घेऊन आमच्याकडे आली. बरोबर लच्चूभाऊ.

म्हाताऱ्याने माझ्याशी शब्द काढला नाही. पोर टोचल्यावर रडली, तर तिला खांद्यावर घेऊन तो व्हरांड्यात फेऱ्या मारत राहिला. मंगला मात्र माझ्या खोलीत येऊन सगळीकडे बघत होती. “मले वाटलं कॉम्प्युटर मोठा असन,” ती म्हणाली. “एवढाच हाय?”

“एवढाच.”

आम्ही दोघी पडद्यासमोर बसलो. निकालाला सहा-सात मिनिटं होती, म्हणून मी पोरीचं नाव विचारलं. जमुना. दात किती आले विचारलं. सहा. तेवढ्यात ओळ आली. वाहक. आजार नाही.

“म्हंजे माह्यासारखीच,” मंगला म्हणाली.

“माझ्यासारखीही,” मी म्हटलं. ती हसली आणि बापाला हाक मारली.

लच्चूभाऊ आत आले. झोपलेलं पोर खांद्यावर. मी सांगितलं, त्यांनी ऐकलं. मग पडद्याकडे बोट दाखवून विचारलं, “लिवलं का?”

“लिहिलं भाऊ. ही ओळ. जमुना.”

त्यांना वाचता येत नव्हतं. तरी ते वाकून त्या ओळीकडे बराच वेळ बघत राहिले. मग सरळ झाले.

“इथी आज हाय, उद्या नाई,” ते म्हणाले. “तू आपल्या हातानं कागदावर लिवून दे.”

मी पेन घेतलं आणि लिहून दिलं, मोठ्या अक्षरात, खाली सही करून. त्यांनी शाई वाळेपर्यंत कागद हातात धरला, चार घड्या करून बंडीच्या आतल्या खिशात ठेवला, आणि जाताना पहिल्यांदाच माझा निरोप घेत म्हणाले, “जातो, बाई.”